दोन सामुद्रधुन्या आणि १९३६ चा एक करार : काळ्या समुद्रात कोण येऊ शकतं, कोण नाही

१४ एप्रिल २०२२ रोजी रशियाच्या काळ्या समुद्रातल्या ताफ्याची अग्रनौका 'मोस्कवा' बुडाली. ही सुमारे १२ हजार टनांची क्षेपणास्त्रवाहू क्रूझर होती. युद्धात एवढी मोठी नौका गेली की नौदल तिच्या जागी दुसरी पाठवतं. रशियाकडे त्याच जातीच्या आणखी दोन क्रूझर होत्या आणि त्या वसंतात दोन्ही शेजारच्या भूमध्य समुद्रातच होत्या. तिथून काळा समुद्र काही दिवसांच्या अंतरावर आहे. तरीही त्या आल्या नाहीत. त्यांना कोणी तोफा रोखून अडवलं नव्हतं. वाटेतल्या देशाने 'सध्या येऊ नका' एवढंच सांगितलं होतं आणि रशियासारख्या देशाने ते ऐकलं.

हे कसं घडलं, ते समजायला आधी नकाशा पाहायला हवा.

काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर सहा देश आहेत : तुर्कस्तान, बल्गेरिया, रोमानिया, युक्रेन, रशिया आणि जॉर्जिया. ओदेसा, कॉन्स्तान्त्सा, वार्ना, नोव्होरोसिस्क, बाटुमी ही त्यांची मोठी बंदरं. या बंदरांतून निघालेल्या जहाजाला महासागरात जायचं तर मार्ग एकच आहे. आधी बॉस्फरस ही सुमारे ३० किलोमीटर लांबीची सामुद्रधुनी, मग छोटासा मार्मारा समुद्र, मग सुमारे ६० किलोमीटरची दार्दानेल्स आणि त्यानंतर एजियन समुद्र. या साऱ्या वाटेच्या दोन्ही काठांवर तुर्कस्तानच आहे. रशियातल्या व्होल्गा आणि डॉन नद्यांना जोडणारा कालवा १९५२ पासून आहे, त्यातून कॅस्पियन समुद्राकडे जाता येतं. पण तो छोट्या जहाजांपुरता आणि कॅस्पियन हा स्वतःच चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला. मोठ्या जहाजांना बॉस्फरसशिवाय गत्यंतर नाही.

बॉस्फरसची रुंदी सर्वांत अरुंद जागी जेमतेम ७०० मीटर आहे. नेमक्या याच जागी १४५२ मध्ये सुलतान दुसऱ्या मेहमतने रुमेली हिसारी हा किल्ला बांधला आणि पुढच्या वर्षी कॉन्स्टँटिनोपल घेतलं. पाण्याची वाट ज्याच्या तोफांखाली, शहराची रसद त्याच्या हातात, हा त्याचा हिशेब होता. आज त्याच पाण्याच्या दोन्ही काठांवर दीड कोटीहून जास्त लोकवस्तीचं इस्तंबूल पसरलं आहे, आणि दोनशे-अडीचशे मीटर लांबीची तेलवाहू जहाजं त्या वस्तीच्या मधून जातात.

ही वाट सरळही नाही. जहाजाला किमान बारा वेळा दिशा बदलावी लागते आणि येनिकॉयजवळचं वळण तर ८० अंशांचं आहे. वळणापलीकडून समोरून काय येतंय ते दिसत नाही. त्यात प्रवाहांची भर. डॅन्यूब, नीपर, डॉन अशा मोठ्या नद्या काळ्या समुद्रात गोडं पाणी ओततात, त्यामुळे त्याचं पाणी भूमध्य समुद्राच्या मानाने निम्मंच खारट आणि म्हणून हलकं. हे हलकं पाणी बॉस्फरसच्या पृष्ठभागावरून दक्षिणेकडे वाहतं, तर खालून जड, खारट पाणी उलट्या दिशेने उत्तरेकडे शिरतं. एकाच पात्रात एकावर एक असे दोन विरुद्ध प्रवाह. लुइजी मार्सिली या तरुण इटालियन अभ्यासकाने सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे दोरीला वजन बांधून खोलीवरचा उलटा प्रवाह मोजला आणि घनतेतल्या फरकामुळे तो तयार होतो हे प्रयोगाने दाखवलं. समुद्रविज्ञानातल्या अगदी पहिल्यावहिल्या प्रयोगांत त्याची गणना होते.

ही वाट कोणाच्या हाती असावी, यावरून युरोपातल्या सत्ता दोन शतकं भांडल्या. १७७४ च्या कुचुक कायनार्जा तहाने रशियाच्या व्यापारी जहाजांना इथून जाण्याचा हक्क मिळाला. १८४१ मध्ये लंडनला ठरलं की शांततेच्या काळात कोणत्याही परक्या देशाची युद्धनौका यातून जाणार नाही. या वाटेचं खरं महत्त्व पहिल्या महायुद्धात कळलं. ऑगस्ट १९१४ मध्ये 'गोबेन' आणि 'ब्रेस्लाऊ' या दोन जर्मन युद्धनौका ब्रिटिश पाठलाग चुकवून दार्दानेल्समध्ये शिरल्या, ऑटोमन म्हणजे तेव्हाच्या तुर्की साम्राज्याच्या झेंड्याखाली गेल्या आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी रशियाच्या बंदरांवर तोफा डागल्या. सामुद्रधुनी त्याआधीच बंद झाली होती. रशियाच्या धान्यनिर्यातीचा मोठा हिस्सा याच वाटेने जात असे, तो थांबला. बाहेरून शस्त्रं आणि दारूगोळा येण्याची सोपी वाटही गेली.

ती वाट बळाने उघडायला ब्रिटन आणि फ्रान्सने १८ मार्च १९१५ रोजी दार्दानेल्समध्ये युद्धनौकांचा मोठा ताफा घातला. दहा दिवस आधी रात्रीच्या अंधारात 'नुसरत' या छोट्या तुर्की जहाजाने किनाऱ्याला समांतर अशी २६ सुरुंगांची रांग पेरून ठेवली होती आणि ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. त्या एका दिवसात तीन मोठ्या युद्धनौका बुडाल्या. मग सैन्य जमिनीवर उतरवलं गेलं आणि गॅलिपोलीची लढाई सुरू झाली. जानेवारी १९१६ मध्ये दोस्तांनी माघार घेतली तोवर दोन्ही बाजूंची लाखो माणसं मेली किंवा जखमी झाली होती. तुर्कस्तानात १८ मार्च अजूनही पाळला जातो. २०२२ मध्ये दार्दानेल्सवरचा २,०२३ मीटरच्या मुख्य गाळ्याचा झुलता पूल उघडला, तोही याच तारखेला. त्याचं नावही '१९१५ चनाक्काले पूल' असंच आहे.

युद्ध हरलेल्या तुर्कस्तानला १९२३ च्या लोझान तहात या काठांवर सैन्य ठेवायला मनाई झाली. देखरेख एका आंतरराष्ट्रीय आयोगाकडे गेली. स्वतःच्या सर्वांत मोठ्या शहराच्या मधून जाणाऱ्या पाण्यावर स्वतःचं सैन्य नाही, ही अवस्था कोणत्याही देशाला सहन होणारी नव्हती. पण तुर्कस्तानने धीर धरला. १९३५-३६ मध्ये इटलीने अबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) हल्ला केला, हिटलरने तह झुगारून ऱ्हाइनलँड या सैन्यबंदी असलेल्या जर्मन भागात सैन्य घुसवलं. अशा वेळी तुर्कस्तानने तह मोडला नाही. बदललेल्या परिस्थितीत नवा करार करू या, म्हणून सर्वांना रीतसर बोलावलं. मला या साऱ्या कथेत ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. इतर देश तह फाडत असताना तुर्कस्तानने वाटाघाटीने आपला हक्क परत मिळवला, आणि कदाचित म्हणूनच तो टिकला.

स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी २० जुलै १९३६ रोजी करार झाला. सह्या करणाऱ्यांत तुर्कस्तान, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स, जपान, ऑस्ट्रेलिया, ग्रीस, रोमानिया, बल्गेरिया आणि युगोस्लाव्हिया होते. अमेरिका नव्हती आणि आजही नाही, पण तिचं नौदल नियम पाळतं.

करारातला पहिला भाग सोपा आहे. व्यापारी जहाजांना शांततेच्या काळात पूर्ण मोकळीक, झेंडा कोणाचाही असो, माल कोणताही असो. तुर्कस्तानने फक्त दीपगृह, आरोग्य तपासणी आणि बचावसेवा यांपुरतं शुल्क घ्यायचं. वाट दाखवणारा पायलट किंवा ओढून नेणारा टग घेण्याची सक्ती करायची नाही.

खरी कसरत युद्धनौकांच्या भागात आहे. सोव्हिएत संघाला बाहेर पडायला मोकळी वाट हवी होती आणि इतरांना आत येऊ द्यायचं नव्हतं. ब्रिटनला नेमकं उलटं हवं होतं. मग किनाऱ्यावरचे देश आणि बाहेरचे देश असा भेद ठरला. बाहेरच्या देशांच्या सर्व युद्धनौका मिळून काळ्या समुद्रात एका वेळी ३० हजार टनांहून जास्त असू नयेत. काही परिस्थितीत ही मर्यादा ४५ हजारांपर्यंत जाते. एकट्या देशाचा वाटा त्यातला दोन-तृतीयांश. आणि कोणीही २१ दिवसांहून जास्त थांबायचं नाही. सामुद्रधुनीतून एका वेळी जाणाऱ्या परक्या ताफ्याची मर्यादा साधारणपणे १५ हजार टन आणि नऊ नौका. किनाऱ्यावरच्या देशांना यात सूट आहे : त्यांच्या मोठ्या युद्धनौका १५ हजार टनांच्या वर असल्या तरी एकेक करून जाऊ शकतात. सर्वांनी आधी सूचना द्यायची, किनाऱ्यावरच्यांनी आठ दिवस आणि बाहेरच्यांनी शक्यतो पंधरा दिवस. पाणबुड्यांचा नियम आणखी कडक. किनाऱ्यावरच्या देशांच्या पाणबुड्या बाहेर बांधून किंवा विकत घेऊन तळावर आणायच्या असतील, अथवा बाहेरच्या गोदीत दुरुस्तीला न्यायच्या असतील तरच जातील, तेही दिवसा आणि पाण्याच्या वर राहून.

विमानवाहू नौकांना मनाई आहे, असं वाक्य करारात सापडत नाही. पण ज्या प्रकारच्या नौकांना परवानगी आहे त्यांच्या व्याख्येत त्या बसत नाहीत. सोव्हिएत संघाची अडचण अशी की तिच्या विमानवाहू नौका काळ्या समुद्राजवळच्या निकोलायेवमध्येच बांधल्या जात. म्हणून १९७६ मध्ये 'कीव्ह' बाहेर पडली ती 'क्रूझर' या नावाने. पाश्चात्त्य देशांनी कुरकुर केली, तुर्कस्तानने जाऊ दिलं. शीतयुद्धाच्या मध्यात नाटोचा सदस्य असलेला देश सोव्हिएत नौकेला वाट देतो, याचं अनेकांना नवल वाटलं होतं. पण तुर्कस्तानचा हिशेब सरळ होता : नियम आपण ताणून एका बाजूला वापरले तर उद्या दुसरी बाजू तो करारच नाकारेल.

याला १९४५-४६ चा अनुभवही कारणीभूत होता. दुसरं महायुद्ध संपताच मॉस्कोने तुर्कस्तानकडे मागणी केली की सामुद्रधुन्यांचं संरक्षण दोघांनी मिळून करावं आणि आम्हाला तिथे तळ द्यावा. तुर्कस्तानने नकार दिला, अमेरिकेचा आधार घेतला आणि १९५२ मध्ये नाटोत गेला. करार दुबळा झाला की मोठे शेजारी काय मागतात, ते अंकाराने तेव्हाच पाहिलं होतं.

निकोलायेवमधला आणखी एक किस्सा सांगायलाच हवा. सोव्हिएत संघ फुटल्यावर तिथे एका विमानवाहू नौकेचा अर्धवट सांगाडा युक्रेनच्या वाट्याला आला. मकावमध्ये तरंगता जुगारअड्डा करायचा आहे, असं सांगून तो हाँगकाँगशी संबंधित कंपनीने घेतला. इंजिन नसलेला तो प्रचंड सांगाडा बॉस्फरसमध्ये आडवा झाला तर काय, या भीतीने तुर्कस्तानने त्याला वर्षाहून जास्त काळ अडवलं. शेवटी नोव्हेंबर २००१ मध्ये अनेक टगच्या मदतीने तो ओढून बाहेर काढला गेला. जुगारअड्डा कधी झालाच नाही. २०१२ मध्ये तो सांगाडा 'ल्याओनिंग' या नावाने चीनच्या नौदलात दाखल झाला, चीनची पहिली विमानवाहू नौका म्हणून.

नियम नाटोच्या मित्रांनाही लागतात. २००८ च्या जॉर्जिया युद्धानंतर मदत नेणाऱ्या अमेरिकी नौदलाला टनांच्या मर्यादेचा विचार करून लहान नौका पाठवाव्या लागल्या. २०१४ मध्ये 'टेलर' ही अमेरिकी नौका तुर्कस्तानच्या सामसुन बंदराजवळ समुद्राच्या तळाला घासली, पंखा बिघडला आणि २१ दिवस उलटून गेले, तेव्हा रशियाने लगेच तक्रार केली.

आता २०२२. युद्धाच्या पंधरवडाभर आधी, ८ आणि ९ फेब्रुवारीला, रशियाच्या बाल्टिक आणि उत्तर ताफ्यांतली सहा मोठी सैन्यवाहू जहाजं बॉस्फरसमधून काळ्या समुद्रात आली. तेव्हा शांतता होती, रशिया किनाऱ्यावरचा देश होता, अडवण्याचं कारण नव्हतं. २४ फेब्रुवारीला हल्ला झाला. रशिया त्याला 'विशेष लष्करी मोहीम' म्हणत होता, पण कराराच्या १९ व्या कलमाला 'युद्ध' लागतं. २७ फेब्रुवारीला तुर्कस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केलं की हे युद्ध आहे. त्या एका वाक्याचं वजन फार मोठं होतं. तुर्कस्तान स्वतः युद्धात नसेल तर लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना वाट बंद, असं हे कलम सांगतं. मुख्य अपवाद आपल्या मूळ तळाकडे परतणाऱ्या नौकांचा. त्याच दिवसांत रशियाला चार नौका आत आणायच्या होत्या. त्यांतल्या तीन काळ्या समुद्रातल्या तळांवर नोंदलेल्या नव्हत्या. तुर्कस्तानने पाठवू नका म्हटलं आणि रशियाने विनंती मागे घेतली.

तुर्कस्तान एवढ्यावर थांबला नाही. न लढणाऱ्या देशांनीही युद्धनौका पाठवू नयेत, असं त्याने सर्वांना सांगितलं. कराराच्या अक्षरापेक्षा हे थोडं पुढचं पाऊल होतं, पण ते शहाणपणाचं होतं असं मला वाटतं. नाटोच्या आणि रशियाच्या नौका त्या छोट्या पाण्यात समोरासमोर फिरत राहिल्या असत्या तर एखाद्या चुकीच्या गोळीने काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

परिणाम असा की रशियाचा ताफा जेवढा आत होता तेवढाच राहिला आणि मग घटत गेला. फेब्रुवारीत आत आलेल्या सहा जहाजांपैकी 'मिन्स्क'वर सप्टेंबर २०२३ मध्ये क्रिमियातल्या सेवास्तोपोलच्या गोदीत क्षेपणास्त्र पडलं. 'ओलेनेगोर्स्की गोर्न्याक'ला त्याआधी महिनाभर युक्रेनच्या बिनमाणसी स्फोटक बोटीने नोव्होरोसिस्कजवळ गाठलं होतं. जवळजवळ नौदलच नसलेल्या देशाने हे केलं. रशियाला आपल्या बऱ्याच नौका क्रिमियातून पूर्वेकडे हलवाव्या लागल्या. क्षेपणास्त्रं आणि बोटी युक्रेनच्या होत्या हे खरंच, पण गेलेल्या नौकांच्या जागी नव्या आल्या असत्या तर चित्र वेगळं दिसलं असतं.

हाच नियम युक्रेनलाही लागला. ब्रिटनने दिलेल्या दोन सुरुंगशोधक नौका जानेवारी २०२४ मध्ये तुर्कस्तानने रोखल्या. ओदेसाच्या समुद्रात सुरुंग तरंगत असताना ही मदत अडणं युक्रेनला किती लागलं असेल, ते समजू शकतं. रशियाचं लष्करी सामान नेणारी व्यापारी नोंदणीची जहाजं मात्र जात राहिली, कारण करार मालाकडे पाहत नाही, जहाजाच्या प्रकाराकडे पाहतो. हे खुपतं. पण १९३६ च्या मजकुरात यावर उपाय नाही.

युद्धाच्या बातम्यांत एक गोष्ट मागे पडते : या वाटेने रोजचं जग चालतं. वर्षाला सुमारे ४० हजार जहाजं बॉस्फरस ओलांडतात. जुलै २०२२ मध्ये इस्तंबूलला झालेल्या धान्य करारातून युक्रेनचं सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य वर्षभरात याच वाटेने बाहेर गेलं. जुलै २०२३ मध्ये रशिया त्यातून बाहेर पडला. कझाकस्तानला महासागराशी जोडलेला किनारा नाही, त्याचं तेल १,५०० किलोमीटरच्या नळाने नोव्होरोसिस्कला येतं आणि तिथून टँकरने बॉस्फरसमधून जातं. डिसेंबर २०२२ मध्ये रशियन तेलाच्या किमतीवर मर्यादा लागू झाली, तेव्हा तुर्कस्तानने प्रत्येक टँकरकडे विम्याचं लेखी आश्वासन मागितलं आणि टँकरांची रांग लागली. त्यांतलं बरंचसं तेल कझाकस्तानचं होतं, ज्यावर निर्बंध नव्हतेच.

विम्याचा हा आग्रह उगाच नाही. १५ नोव्हेंबर १९७९ रोजी 'इंडिपेंडेन्त्सा' हा रोमानियाचा टँकर बॉस्फरसच्या तोंडाशी ग्रीक मालवाहू जहाजाला धडकला. त्याचे ४३ खलाशी मेले, ९० हजार टनांहून जास्त तेल सांडलं किंवा जळालं आणि आग कित्येक दिवस इस्तंबूलसमोर पेटलेली होती. १९९४ मध्ये पुन्हा तसाच अपघात झाला. त्यानंतर तुर्कस्तानने वाहतुकीचे नियम कडक केले आणि रडारवर चालणारी नियंत्रण यंत्रणा उभारली; मोठे टँकर जाताना समोरची वाहतूक थांबवली जाते. पण पायलटची सक्ती कराराने आजही करता येत नाही. २०१८ मध्ये एका मालवाहू जहाजाचं इंजिन बंद पडून ते काठावरच्या जुन्या लाकडी वाड्यात घुसलं.

हेच अपघात पुढे करून तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांनी २०११ मध्ये 'कनाल इस्तंबूल'ची घोषणा केली : बॉस्फरसच्या पश्चिमेला सुमारे ४५ किलोमीटरचा नवा कालवा. २०२१ मध्ये त्यावरच्या एका पुलाचा पाया घातला गेला. मार्गावर शहराला पाणी देणारं साझलीदेरे धरण येतं, म्हणून इस्तंबूलमध्येच मोठा विरोध आहे. कालवा माँत्रो कराराच्या बाहेर असेल, असंही म्हटलं गेलं. त्यावरून २०२१ मध्ये शंभराहून जास्त निवृत्त नौदल अधिकाऱ्यांनी जाहीर पत्र काढलं आणि काहींना अटक झाली. पुढे ते निर्दोष सुटले. मला तो दावा पटत नाही. करारात 'सामुद्रधुन्या' म्हणजे दार्दानेल्स, मार्मारा आणि बॉस्फरस हे तिन्ही येतात. नवा कालवा फक्त बॉस्फरस टाळतो. कालव्यातून निघालेल्या जहाजाला दार्दानेल्स चुकत नाही. शिवाय जवळपास फुकटची नैसर्गिक वाट उघडी असताना टोल भरून कोण जाईल? तुर्कस्तानने २०२२ मध्ये बॉस्फरसचं शुल्क टनामागे ०.८ डॉलरवरून ४ डॉलर केलं, त्यामागे हाही विचार असू शकतो.

कराराची मुदत वीस वर्षांची होती, म्हणजे ती १९५६ मध्येच संपली. त्यानंतर कोणताही सदस्य दोन वर्षांची सूचना देऊन तो रद्द करू शकतो. आजवर एकानेही तशी सूचना दिलेली नाही. रशियाला बाहेरची आरमारं दूर ठेवणारा हा एकमेव कागद आहे, पश्चिमेला रशियाची कुमक रोखणारा आहे आणि तुर्कस्तानला तर त्याने आपलं पाणी परत दिलं.

सुरुंगांचा प्रश्न मात्र उरलाच होता. बाहेरच्या नौका आणायच्या नाहीत आणि समुद्र तर साफ करायचा. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तुर्कस्तान, रोमानिया आणि बल्गेरिया या किनाऱ्यावरच्याच तीन देशांनी इस्तंबूलमध्ये करार करून सुरुंग शोधणारं संयुक्त पथक नेमलं. नाटोचे इतर सदस्य त्यात नाहीत, आणि ते मुद्दाम तसंच ठेवलेलं आहे.